किती टक्के घोडे टोचायचे हा प्रश्न नंतरचा

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही आफ्रिकन हॉर्स सिकनेस या चिलटांनी पसरणाऱ्या घोड्यांच्या व्हायरसच्या रोगाचं एसईआयआर मॉडेल (एस म्हणजे लागण होऊ शकणारे, ई लागण झालेले पण अजून न पसरवणारे, आय पसरवणारे, आर इम्युनिटी आलेले) बसवलंय, आर-नॉट, म्हणजे एका लागणीतून सरासरी पुढच्या किती लागणी होतात तो आकडा, २ आला, मग १ वजा १ भागिले आर-नॉट हा नेहमीचा फॉर्म्युला लावून ५० टक्के घोड्यांना लस टोचली की साथ आटोक्यात असं उत्तर निघालं, पण गाईडना ते पटत नाहीये. आणि शिवाय सरसकट लस, रोग सापडला त्याच्याभोवती रिंग करून लस, आणि सीझनच्या आधीच लस, या तिन्हीत मॉडेलप्रमाणे कुठली सरस ते तुम्हाला हवंय.

गाईडचं बरोबर आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर सीझनच्या आधी, पण त्या "आधी"तच सगळी मेख आहे आणि ती टक्केवारीपेक्षा मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जनावरांच्या साथींच्या मॉडेलिंगचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यातही चिलटांनी पसरणाऱ्या रोगांवर जास्त, आणि खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः करून बसलोय.

आधी ते ५० टक्क्यांचं बघू. तुम्ही आर-नॉट नेक्स्ट जनरेशन मॅट्रिक्सने काढला असणार, तिथे घोडा ते चिलट ही एक पिढी आणि चिलट ते घोडा ही दुसरी पिढी धरली जाते, म्हणून उत्तरात वर्गमूळ येतं. तुमचा जो २ आहे तो या वर्गमुळातून आलेला २ आहे. पण लस आपण चिलटांना देत नाही, घोड्यांना देतो, आणि एका आजारी घोड्यापासून पुढचे आजारी घोडे किती हे बघायचं तर दोन्ही पायऱ्या मिळून एक फेरी होते, म्हणजे २ गुणिले २, चार. मग लागणारं प्रमाण १ वजा १/४, म्हणजे ७५ टक्के. ५० नाही. आणि लस १०० टक्के लागू पडत नाही, समजा ८० टक्के जनावरांतच नीट इम्युनिटी आली, तर ७५ ला ०.८ ने भागा, ९४ टक्के येतात. ५० वरून ९४ वर आलो आणि अजून मॉडेलला हातसुद्धा लावलेला नाही! पेपर वाचतानाही आर-नॉट वर्गमुळासकट दिलाय की वर्गमूळ न काढता दिलाय हे पहिलं तपासत जा, दोन्ही पद्धती सर्रास वापरतात आणि लोक एकमेकांचे आकडे डोळे मिटून उचलतात.

इथेच एक आडवळण घेतो कारण तुम्ही पुढे वेस्ट नाईल या डासांतून पसरणाऱ्या व्हायरसचंही असंच मॉडेल करायचं म्हणताय. करू नका. म्हणजे करा, पण असं नको. वेस्ट नाईलमध्ये घोड्याच्या रक्तात व्हायरस इतका कमी असतो की त्याला चावलेल्या डासाला लागणच होत नाही, साथ फिरते ती पक्षी आणि डास यांच्यात, घोडा आणि माणूस मधल्या मध्ये मरतात. १९९९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि २००२ या एकाच वर्षात अमेरिकेत १५ हजारांच्या आसपास घोड्यांच्या केसेस झाल्या, घोड्यांची लस तोवर आलेली होती, पण देशातले सगळेच्या सगळे घोडे टोचले असते तरी डासांमधली साथ तसूभर कमी झाली नसती. तिथे लस ही ज्याच्या त्याच्या घोड्यापुरती छत्री, हर्ड इम्युनिटी वगैरे काही नाही. जपानी एन्सेफलायटिसचंही तेच. उलट व्हेनेझुएलन इक्वाइन एन्सेफलायटिसच्या साथीच्या प्रकारात घोडाच व्हायरस वाढवून डासांना देतो, म्हणून १९७१ मध्ये ती साथ मध्य अमेरिकेतून वर सरकत टेक्सासला पोचली तेव्हा टीसी-८३ ही मुळात माणसांसाठी बनवलेली लस घोड्यांना देऊन माणसांपर्यंतची साखळीही तोडता आली. म्हणजे रोग घोड्यांचा असला तरी घोडा या साखळीत नक्की कुठे बसतो हे आधी ठरवायचं, समीकरणं मग.

हॉर्स सिकनेसमध्ये घोडा साखळीत आहेच, पण एकटा नाही. तुमच्या मॉडेलमध्ये फक्त घोडे आहेत. गाढवं, खेचरं कुठायत? नवख्या घोड्यांमध्ये हा रोग ७० ते ९५ टक्के जनावरं मारतो, खेचरांमध्ये साधारण निम्मी, गाढवांमध्ये १० टक्क्यांच्या आसपास, आणि झेब्र्याला तर कळतही नाही की आपल्याला काही झालंय. घोडा पटकन मरतो, म्हणजे चिलटांना त्याच्यावरून व्हायरस उचलायला जेमतेम आठवडाभर मिळतो, क्वचित दोन-अडीच. झेब्र्याच्या रक्तात तो ४० दिवसांपर्यंत मिळालाय. गाढव मधे कुठेतरी. थोडक्यात जो मरतो तोच जास्त पसरवतो असं काही नाही.

समीकरणात हे सोपं आहे, एकाच जातीचं चिलट दोघांनाही चावत असेल तर आर-नॉटच्या वर्गाची सरळ बेरीज होते, घोड्यांचा वाटा अधिक गाढवांचा वाटा. समजा तुमच्या ४ पैकी २.६ घोड्यांमुळे आणि १.४ गाढवांमुळे आहेत (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत). आता सगळे घोडे टोचा, एकूण एक, लसही शंभर टक्के लागू पडू दे. उरले १.४. साथ गाढवांमध्ये आरामात चालू राहणार आणि कुणाला दिसणारही नाही, कारण गाढव मरत नाही, फार तर ताप येतो. याउलट घोड्यांसोबत ४० टक्के गाढवं टोचली की १.४ चे ०.८४ होतात आणि खेळ खलास. पण लस विकत घेतं कोण, तर महागडे घोडेवाले. गाढवाच्या मालकाला लसीचा खर्च का करावा हेच कळत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही कळलं नसतं. मग त्याची लस फुकट करायची का, घरपोच द्यायची का, हे प्रश्न मॉडेलमधून निघतात, आणि मॉडेल करायचं ते यासाठीच.

याचाच भाऊ म्हणजे सरासरी कव्हरेज. "८० टक्के लसीकरण झालं" हा आकडा मॉडेलमध्ये सगळ्यांवर सारखा पसरू नका. १००० घोडे धरा, त्यातले ६०० मोठ्या स्टड फार्मवर आणि रेसच्या पागांमध्ये, तिथे ९८ टक्के झालंय. उरलेले ४०० इकडेतिकडे विखुरलेले, तिथे ५३ टक्के. सरासरी बरोब्बर ८०, कागदावर मस्त. पण त्या ४०० वाल्या भागात आर-नॉटचा वर्ग ४ असेल तर ४ गुणिले ०.४७ म्हणजे १.८८, साथ तिथे धावणारच. आणि मॉडेलमध्ये सरासरी भरलीत तर ४ गुणिले ०.२ म्हणजे ०.८ येऊन तुम्ही निवांत झोपाल.

आता चिलटांकडे. नव्या माणसाच्या मॉडेलमध्ये सगळ्यात मोठी चूक मला इथे दिसते आणि ती कोडच्या एका ओळीत असते. क्युलिकॉइडिस चिलटाने आजारी घोड्याचं रक्त प्यायलं की व्हायरस त्याच्या पोटातून लाळेपर्यंत जायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस ते चिलट जगलं तरच पुढच्याला देणार. हा काळ तापमानावर ठरतो, उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस, थंडीत लांबत जातो, आणि साधारण १५ अंशांच्या खाली व्हायरस वाढतच नाही. चिलटाचा रोजचा मृत्युदर ०.१५ धरा, सरासरी सहा-सात दिवसांचं आयुष्य. हा काळ ठाम १० दिवस असेल तर तेवढं जगणारी चिलटं २२ टक्के. पण साध्या एसईआयआरमध्ये तुम्ही ई मधून आय मध्ये जायचा एक स्थिर दर टाकता, त्याचा अर्थ काही चिलटं पहिल्याच दिवशी व्हायरस द्यायला तयार होतात असा होतो, आणि तसं धरलं की २२ च्या जागी ४० टक्के येतात. जवळपास दुप्पट. थंडीचे दिवस घ्या, २० दिवसांचा काळ, खरं उत्तर ५ टक्के आणि तुमचं मॉडेल म्हणणार २५. पाचपट! म्हणजे हिवाळ्यात साथ जवळजवळ मेलेली असताना तुमचं मॉडेल ती जिवंत दाखवत राहतं, आणि मग सीझनच्या आधी लस द्यायचा जो काही फायदा आहे तो दिसतच नाही, कारण मॉडेलमध्ये "आधी" असं काही उरलेलंच नसतं. ई चे एकामागोमाग ८-१० टप्पे करा, गॅमा वाटप आपोआप मिळतं, म्हणजे बहुतेक चिलटांचा काळ सरासरीच्या आसपास राहतो, कोडमध्ये एक लूप वाढतो बस. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये हे नव्हतं आणि मी एका मीटिंगमध्ये भर थंडीतली साथ मोठ्या ऐटीत स्लाइडवर दाखवली होती, समोरच्या कीटकतज्ज्ञ बाई फक्त हसल्या. नंतर चहा पिताना त्यांनीच कागदावर हे गणित करून दिलं.

मात्र थंडी म्हणजे सगळीकडे सुट्टी असंही नाही. स्पेनचं उदाहरण बघा. १९८७ मध्ये माद्रिदजवळच्या एका सफारी पार्कात नामिबियातून झेब्रे आणले, त्यांच्याबरोबर व्हायरसचा सेरोटाइप (उपप्रकार) ४ आला, आणि साथ दक्षिणेकडे सरकून १९९० पर्यंत दरवर्षी डोकं वर काढत राहिली, मधे १९८९ ला पोर्तुगाल आणि मोरोक्कोही सापडले. दक्षिण स्पेनमध्ये क्युलिकॉइडिस इमिकोला हे चिलट थंडीतही पूर्ण गायब होत नाही. म्हणून तापमानाचा वर्षभराचा आलेख स्थानिकच घ्या, देशाची सरासरी घेऊ नका.

आता रिंग लसीकरण, ज्यावर तुमचा फार जीव दिसतोय. रिंगचा विचार थेट संपर्काने पसरणाऱ्या रोगांतून आलाय, तिथे संपर्क कोण ते कळतं. इथे "संपर्क" वाऱ्यावर उडतो. चिलट स्वतःहून रोज थोडंच जातं, पण वाऱ्याबरोबर, विशेषतः समुद्रावरून, शेकडो किलोमीटर गेल्याचं मानलं जातं. युरोपने स्पेनच्या अनुभवानंतर १९९२ मध्ये नियम केला त्यात रोग सापडलेल्या जागेभोवती १०० किलोमीटरचा प्रोटेक्शन झोन आणि त्याबाहेर आणखी ५० किलोमीटरचा सर्व्हेलन्स झोन होता, लस आतल्या झोनमध्ये, बाहेरच्यात नाही. १०० किलोमीटर त्रिज्या म्हणजे ३१ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जागा. याला रिंग म्हणायचं म्हणजे आख्ख्या जिल्ह्याला अंगण म्हणण्यासारखं आहे, छोट्या देशात तर हे सरसकटच झालं.

आणि वेळ. रिंगचा खरा शत्रू वेळ आहे. हिशोब मांडा: पहिला घोडा चावला गेला तेव्हापासून तो मरेपर्यंत आठवडाभर किंवा थोडं जास्त, बहुतेक पहिल्या मरणावर कुणी सॅम्पल पाठवत नाही, दुसरा-तिसरा मेल्यावर पाठवतात, मग लॅब, मग सेरोटाइप ठरवणं कारण नऊ सेरोटाइप आहेत आणि लस त्याच प्रकारची हवी, मग लस मागवणं, पोचणं, टोचणं, आणि टोचल्यावर इम्युनिटी यायला अजून दोन-तीन आठवडे तरी. थायलंडमध्ये २०२० मध्ये हे डोळ्यांसमोर घडलं, तिथे हा रोग आधी कधी आलेलाच नव्हता, मार्चच्या शेवटी नाखोन रात्चसिमा प्रांतातला रोग पक्का झाला, सेरोटाइप १, लस दक्षिण आफ्रिकेतून आणावी लागली, आणि ५०० हून जास्त घोडे गेले. केसेस दर ८ दिवसांनी दुप्पट होत असतील तर नुसत्या २८ दिवसांच्या उशिरात साथ अकरापट होते. तुमच्या मॉडेलमध्ये रिंग "दिवस ०" ला सुरू होते आणि टोचलेला घोडा त्याच क्षणी आर मध्ये उडी मारतो. त्यामुळे रिंग तुम्हाला इतकी देखणी दिसतेय. हे सगळे उशीर वेगवेगळे पॅरामीटर म्हणून टाका, प्रत्येकी ३ ते २१ दिवस बदलून बघा, आणि रिंगची त्रिज्या वाढवण्यापेक्षा सॅम्पल दहा दिवस आधी जाणं किती जास्त कामाचं ठरतं ते तुम्हीच बघाल. लसीची बँक आधीपासून भरून ठेवणं हीसुद्धा एक स्ट्रॅटेजी आहे, ती तुमच्या तिन्हीत नाही, चौथी म्हणून घाला.

मग सीझनच्या आधी लस. इथे लसीचा स्वभाव मॉडेलमध्ये आणावा लागतो आणि यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे. आज प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वापरली जाते ती दक्षिण आफ्रिकेतल्या ऑन्डरस्टेपूर्टची जिवंत, कमजोर केलेल्या व्हायरसची लस, दोन बाटल्यांमध्ये येते, एकीत सेरोटाइप १, ३, ४ आणि दुसरीत २, ६, ७, ८, दोन टोचण्यांमध्ये काही आठवड्यांचं अंतर. ५ आणि ९ त्यात नाहीत, ८ मुळे ५ ला आणि ६ मुळे ९ ला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं या भरवशावर. एका कोर्समध्ये प्रत्येक घोड्याला सातही प्रकारांविरुद्ध इम्युनिटी येते असं होत नाही, दोन-तीन वर्षं दरवर्षी घेतल्यावर ती पक्की होत जाते. शिंगरांमध्ये आईच्या अँटिबॉडी आड येतात म्हणून पहिले काही महिने टोचून उपयोग नसतो. म्हणजे मॉडेलमध्ये "लस घेतलेला" हा एक डबा पुरत नाही, वयाप्रमाणे आणि कितवा कोर्स त्याप्रमाणे वेगळे डबे लागतात, नाहीतर दरवर्षी जन्माला येणारी शिंगरं ही जी लसीच्या भिंतीतली फट आहे ती दिसणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, जिवंत लस म्हणजे घोड्याच्या रक्तात लसीचा व्हायरस काही दिवस फिरतो. त्या दिवसांत चिलटं असतील तर ती उचलणार. हे पुस्तकी भय नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये केपटाऊनभोवती जो नियंत्रित भाग आहे, घोडे निर्यात करता यावेत म्हणून रोगमुक्त ठेवलेला, तिथे २००४ ते २०१४ या काळात झालेल्या काही साथींच्या व्हायरसचा जिनोम तपासल्यावर मुळं लसीच्या व्हायरसमध्ये निघाली, कमजोर केलेला व्हायरस पुन्हा तापट झाला होता आणि काही ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारांचे जनुकीय तुकडे एकमेकांत मिसळले होते. या व्हायरसचा जिनोम दहा तुकड्यांत असतो आणि आपण एका सुईत तीन-चार प्रकार एकदम देतो, तेव्हा पत्त्यांसारखे ते पिसले जाणं अगदीच अशक्य नाही. म्हणून तिथे नियंत्रित भागात लस १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळातच द्यायची असा नियम आला, दक्षिण गोलार्धातला हिवाळा आणि वसंताची सुरुवात, जेव्हा चिलटं कमी असतात. आता कळलं ना "आधी" म्हणजे काय? फार आधी दिली तर शिंगरं सुटतात, उशिरा दिली तर लसीचाच व्हायरस चिलटांच्या तोंडात. मॉडेलमध्ये लसीच्या व्हायरसची एक वेगळी साखळी घाला, संसर्गक्षमता अगदी कमी ठेवा, आणि लसीकरणाचा महिना बदलत जाऊन बघा. महिना बदलल्याने येणारा फरक कव्हरेज ७० चं ८५ केल्याच्या फरकापेक्षा मोठा निघाला तर नवल वाटून घेऊ नका. आणि हे मान्य करा की भर साथीत, भर उन्हाळ्यात, हीच जिवंत लस देणं हा जुगार असतो, कधीकधी तो खेळावाच लागतो कारण समोर घोडे मरत असतात. मेलेल्या व्हायरसच्या किंवा त्याच्या व्हीपी-२ या एका प्रोटीनवर बनवलेल्या नव्या लसींमध्ये ही भानगड नाही, शिवाय काही नव्या लसींमध्ये लसीची अँटिबॉडी आणि रोगाची अँटिबॉडी वेगळी ओळखता येते, पण उद्या हाताशी असेल ती जिवंत लस असं धरूनच मॉडेल करा.

लस किती "लागू पडते" हा एक आकडा नसतो हेही सांगून टाकतो. लागण होऊ न देणं, लागण झालीच तर रक्तातला व्हायरस कमी ठेवणं आणि आजारी पडू न देणं ही तीन वेगळी कामं आहेत. समजा लस तिसरं काम मस्त करते आणि दुसरं जेमतेम. घोडेवाले खूश, घोडे मरत नाहीत. पण या रोगात आपला अलार्म काय आहे? मेलेला घोडा. तोच वाजला नाही तर साथ महिनाभर लपून फिरेल. अर्धवट इम्युनिटीच्या घोड्याला नुसता ताप येतो आणि दोन दिवसांत उतरतो, कोण डॉक्टर बोलावतंय. तेव्हा रोग सापडण्याची शक्यता मॉडेलमध्ये ठरावीक ठेवू नका, ती आजारी आणि मेलेल्या जनावरांच्या संख्येला बांधा. हे केलं की काही रनमध्ये कव्हरेज वाढवल्यावर साथ मोठी झालेली दिसते. पहिल्यांदा बघितल्यावर मी दोन दिवस बग शोधत होतो. बग नव्हता.

जाळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लसीशी तुलना करायला ती हवीच, थायलंडमध्येही लस यायच्या आधी तबेल्यांना जाळ्या लावल्या गेल्या. चिलटं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जास्त चावतात, तेवढा वेळ घोडे आत घेतले आणि बारीक जाळी लावली की चावे कमी. आणि चावा समीकरणात दोनदा येतो, एकदा उचलताना, एकदा देताना. सगळ्या घोड्यांवरचे चावे निम्मे झाले तर ४ चा एकदम १ होतो, लसीने तेच करायला ७५ टक्के लागले होते. भारी वाटतं ना, पण यात "सगळ्या" हा शब्द महत्त्वाचा. निम्म्याच घोड्यांना शंभर टक्के जाळी आणि उरलेले बाहेर, असं झालं आणि चिलटं तेवढीच राहून बाहेरच्यांवर तुटून पडली, तर बाहेरच्या प्रत्येक घोड्यामागे चिलटं दुप्पट आणि आर-नॉटचा वर्ग ४ चा ८ होतो. लसवाला घोडा मात्र चावे खात राहतो आणि ते चावे वाया घालवतो, तो स्पंजसारखं काम करतो, निम्मे टोचले तर ४ चे २. म्हणून दोन्ही उपाय एकाच "कमी करणारा गुणक" म्हणून टाकू नका, वेगवेगळे लिहा. गायी-बैलांचंही असंच दुधारी आहे, त्यांना चावलेलं चिलट वाया गेलं म्हणून चांगलं, पण काही जातींची चिलटं त्यांच्या शेणातच अंडी घालतात.

चिलटांची संख्या कुठून आणायची हे तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार आहे. प्रकाशाच्या सापळ्यात रात्रीत ५००० पडली म्हणजे घोड्यामागे ५००० असं नसतं, सापळा काय पकडतो आणि घोड्याला काय चावतं यांचा संबंध ढिला आहे. मी त्यातून फक्त सीझनचा आकार घेतो, कधी वाढ, कधी शिखर, आणि उंची एक अनोळखी पॅरामीटर म्हणून मोठ्या रेंजमध्ये सोडतो. मग लॅटिन हायपरक्यूबने (सगळ्या रेंजमधून सारखे पसरलेले आकडे निवडायची पद्धत) हजारभर सेट काढून प्रत्येकावर सगळ्या स्ट्रॅटेजी चालवतो. यातून "एवढे टक्के टोचा" असा ठाम आकडा मिळत नाही, आणि देऊही नका. मिळतं ते हे की हजारपैकी किती सेटमध्ये कुठली स्ट्रॅटेजी पहिली आली. सीझनआधी घोडे-गाढवं दोन्ही टोचणं हे बहुतेक सगळीकडे वर राहतं, रिंग फक्त तिथे जिंकते जिथे रोग फार लवकर सापडतो किंवा तो सीझनच्या शेवटी येतो आणि थंडी तुमच्या बाजूने असते. आणि सुरुवातीला एक-दोनच आजारी घोडे असताना डिफरन्शियल इक्वेशन वापरू नका, स्टोकॅस्टिक, म्हणजे योगायोगाचा भाग धरणारं मॉडेल चालवा, कारण बऱ्याचदा साथ आपली आपणच विझते आणि श्रेय लसीला जातं.

"चांगली" कशाच्या हिशोबाने हेही आधी लिहून ठेवा. मेलेले घोडे कमीत कमी हवेत, डोस कमी हवेत, की देशाचा रोगमुक्त दर्जा लवकरात लवकर परत हवाय? शेवटचं हवं असेल तर उत्तर उलटंही होऊ शकतं, कारण जिवंत लस दिलेला घोडा तपासणीत रोग होऊन गेलेल्या घोड्यासारखाच दिसतो, निर्यात अडकते, म्हणून रोगमुक्त देश सरसकट लस सहसा देतच नाहीत. पण सेरोटाइप नवीन, जनावरं सगळी नवखी, अशा ठिकाणी याची किंमतही माहिती असावी, १९५९ ते ६१ च्या साथीत मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत तीन लाखांहून जास्त घोडे, खेचरं, गाढवं गेली.

आता लगेच करायचं काम: लसीचा कोड सध्या पूर्ण बंद करा, ई चे दहा टप्पे घाला, गाढवं घाला, दक्षिण स्पेनचं महिन्यांचं तापमान द्या आणि बघा साथ एक हिवाळा तग धरते का. मग तेच मॉडेल एखाद्या थंड प्रदेशाच्या तापमानावर चालवा, तिथे ती हिवाळ्यात विझली पाहिजे. दोन्ही झालं की कोड पाठवा, लसीचा भाग त्यानंतर बघू.